सात नंबरचा रिकामा बाक

सात नंबरच्या बाकावर लाल रंगाची फुली मारून झाली होती, आणि ती माझ्याच रिपोर्टमुळे. गुरुवारी कॉन्ट्रॅक्टरची माणसं येऊन तो उखडणार होती. त्याच बाकावर बसून मी डबा उघडत होते.

"हा काढणार म्हणे?" समोरून चक्क मराठीत प्रश्न आला, तोही दिल्लीत.

पाहिलं तर मफलर गुंडाळलेले ते गृहस्थ. दोन आठवडे मी त्यांना रोज पाहत होते. कोपऱ्यातल्या पंपहाउसच्या पायरीवर, सावलीत बसलेले. माझ्या फॉर्मवरही ते रोज होते: पुरुष, ज्येष्ठ, एकटे. ते मराठी असतील असं डोक्यातही आलं नव्हतं. फॉर्मात तो रकाना नव्हता.

माझं काम थोडक्यात सांगते. लोक मोकळ्या हवेत वेळ कसा घालवतात यावर युनिव्हर्सिटीत पुष्कळ संशोधन होतं. बागा सांभाळणाऱ्या ऑफिसात ते कुणी वाचत नाही. हे दोन्ही जोडायला मला पुण्याहून दिल्लीला आणलं. युनिव्हर्सिटीवाले मला बाबू समजत, ऑफिसवाले प्रोफेसर. जेवायला दोघंही बोलवत नसत.

आर. के. पुरमच्या या पार्कात माझं पहिलंच ऑब्झर्व्हेशन होतं. म्हणजे एका जागी बसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी कोण कुठे आहे, काय करतंय, ते नकाशावर मांडायचं. स्वतःला मोजायचं नाही, हा पहिला नियम. जानेवारीतली थंडी आणि दहा ते एक ऊन येणारा बाक एकच. मी अर्थातच तिथे ठाण मांडलं. रिपोर्टात इमानेइतबारे लिहिलं: बाक सात, वापर शून्य. शिफारस: काढून तिथे ओपन जिम. ऑफिसनं संशोधन इतक्या झटपट अमलात आणलं म्हणून क्वार्टरवर मी एकटीपुरता शिरासुद्धा केला होता.

"काका, तुम्ही इथे बसायचात?"

"रोज. तुम्ही यायच्या आधी."

"मग मला उठवायचं नाही का?"

"अहो, तुम्ही सरकारी कागद भरत होतात. मी पण सेंट्रल गव्हर्नमेंटमध्येच जन्म काढलाय. फॉर्म भरणाऱ्याला उठवत नाहीत." मग म्हणाले, "मुलगा-सून ऑफिसला जातात. तळमजल्याचं क्वार्टर, ऊन बिल्कुल येत नाही. इथून गेट दिसतं. येणारी-जाणारी माणसं दिसतात, तेवढंच."

ज्यांना रोज 'एकटे' म्हणून मोजलं, त्यांची जागा मीच अडवून बसले होते. आणि हाकेच्या अंतरावर मराठी माणूस असताना मी मोबाइलवर पुण्याच्या बातम्या लावून जेवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

दुपारी बागांच्या ऑफिसात, आमच्या खन्ना साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, ऑर्डर निकल चुकी है. आप ही के डेटा पर."

"डेटा सही है, सर. मैं ग़लत जगह बैठी थी."

साहेबांनी चष्मा काढला. "मतलब बेंच इसलिए ख़ाली थी कि उस पर आप बैठी थीं?"

"जी."

"लिखकर देंगी? यूनिवर्सिटी को भी कॉपी जाएगी."

मार्चमध्ये माझ्या नोकरीचं एक्स्टेन्शन व्हायचं होतं. हसं होणार हेही दिसत होतं. तरी लिहून दिलं.

साहेबांनी बाक काढणं थांबवलं आणि तीन दिवस पुन्हा मोजायला सांगितलं. या वेळी मोजणार ऑफिसातले वर्माजी, गेटपाशी उभं राहून. उभं राहावं लागतं म्हणून ते माझ्यावर नाराज. पहिल्या दिवसापासून बाक सात सकाळी दहालाच भरायचा. काका यायचे, आणखी कुणी कुणी टेकून जायचं. बाक वाचला. जिम पंपहाउसपाशी गेली, जिथे ऊन पोहोचत नाही.

मोजायला बसण्याआधी आपण कशावर बसलोय ते बघावं, हे मला मेथडॉलॉजीच्या एकाही तासाला कुणी शिकवलं नव्हतं. एक्स्टेन्शनची फाइल अजून साहेबांच्या टेबलावरच आहे.

तिसऱ्या दिवशी मी वर्माजींचे फॉर्म घ्यायला गेले होते. त्यांचा शेवटचा अर्धा तास राहिला होता, म्हणून डबा घेऊन बाकाकडे वळले. काकांनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले. दोघांनी गेटकडे बघत ऊन खाल्लं.

संध्याकाळी फॉर्म तपासताना वर्माजींची शेवटची नोंद दिसली. बाक सात: ग्रुप, दोन जण.

नियमानं मला स्वतःला खोडायला हवं होतं. मी खाली सही केली आणि फॉर्म फाइलला लावला.