वाचणारा वर, कापणारा खाली

डॉक्टरनं आबाच्या थोबाडीत मारली तेव्हा आबाच्या हातात रक्तानं भरलेले रबरी हातमोजे होते. म्हणून त्याला स्वतःचा गाल बी धरता आला न्हाई.

आबा म्हणजे माझा बाप. जालना जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मुडदे कापायच्या कामावर. गावाचं नाव घेत न्हाई. हे काम कोणत्या वस्तीतल्या माणसाकडं येतं ते आमच्याकडं कोणाला विचारावं लागत न्हाई. माझा मेडिकलला नंबर लागल्ता. हमीपत्रावर आबाची सही पाहिजे होती, म्हणून मी जालना शहरातून थेट तिथं गेल्ते.

पीएमची, म्हणजे पोस्टमार्टमची खोली दवाखान्याच्या मागं. आत आबा एकटा. डॉक्टर बाहेर लिंबाखाली खुर्चीत, नाकाला रुमाल, मांडीवर कागद. आबानं आतून सांगायचं, त्यानं बाहेर लिहायचं. त्या दिवशी आत दोन लेकरांची आई होती. विहिरीत सापडल्ती. तिच्या नवऱ्याकडचे लोक जीप घेऊन उभे होते. बाजूला पोलिस.

आबा दारात आला. म्हणाला, "साहेब, फुफ्फुसात पाणी न्हाई. नरड्याचं हाड मोडलंय. एकदा आत येऊन बघा."

डॉक्टर उठला. आत गेला न्हाई. सगळ्यांसमोर ठेवून दिली.

"कापायचं काम तुझं. वाचायचं काम माझं."

मंग खुर्चीत बसून त्यानं लिहिलं, पाण्यात बुडून मृत्यू. जीपजवळचा एक जण हसला. आबा आत गेला आणि त्या बाईचं उघडं पोट शिवायला लागला. मी हमीपत्र हातात धरून उभी. एक शब्द बोलले न्हाई. त्याची लाज मला अजून आहे.

घरी आबानं माझी दोन बोटं धरून स्वतःच्या हनुवटीखाली दाबली. तिथं घोड्याच्या नालासारखं बारीक हाडूक लागलं. हे पाण्यानं मोडत न्हाई, म्हणाला, माणसाच्या हातानं मोडतं. बाकीचे कापणारे दारू पिऊन आत जायचे. आबा पीत नव्हता. पिल्यावर बोटाला कळत न्हाई म्हणायचा. शाळा त्याची दुसरी बी झाली नव्हती.

त्या बाईच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. केस कधी उभीच राह्यली न्हाई.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शरीररचनेच्या सरांनी या शास्त्राचा इतिहास सांगितला. डिसेक्शन हॉलमध्येच, मुडद्यांच्या टेबलांजवळ. भिंतीवर एक जुनं परदेशी चित्र दाखवलं. उंच आसनावर प्राध्यापक, हातात पोथीसारखा ग्रंथ. खाली मुडदा, आणि सुरी घेतलेला एक न्हावी. प्राध्यापक वाचायचा, न्हावी कापायचा. तो ग्रंथ लिहिणाऱ्यानं माकडं आणि डुकरं कापल्ती. माणूस कापायला बंदी होती. तरी हजार वर्षांहून जास्त तेच माणसाचं शरीर म्हणून शिकवलं. न्हाव्याच्या सुरीखाली वेगळं काही निघालं तर ग्रंथ बराबर, मुडदा चूक. मंग एक तरुण प्राध्यापक आसनावरून खाली उतरला, सुरी स्वतः घेतली, आणि खरं शास्त्र तिथून सुरू झालं.

मी वहीत लिहीत होते. त्या न्हाव्याचं नाव काय, असं विचारलं. सगळे हसले. सरांनी माझं नाव विचारलं, मंग वडील काय करतात ते. मी खरं सांगितलं.

सर म्हणाले, "मग खालचा माणूस आपल्याकडं आहेच. घे सुरी. तुझ्या हाताला सवय असेल. बाकीचे बघतील."

माझ्या वहीखालचं शरीररचनेचं पुस्तक ओढून त्यांनी ट्रेमध्ये फेकलं. तुला याची गरज नाही, म्हणाले. ट्रेमधलं, मुडदे टिकवायच्या फॉर्मलिनचं पाणी तोंडावर उडालं, डोळ्यांत आग झाली.

मी सुरी घेतली. ट्रेमधून ते निथळणारं पुस्तक बी काढलं. मुडद्याच्या छातीवर उघडं ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. वाचत वाचत पहिला छेद दिला. सरांनी माझा दंड धरला, बाहेर ओढलं. टेबलाची कड माझ्या बरगडीत घुसली. माझी सुरी आमच्या दोघांच्या मधी आली.

"हात सोडा सर. कापीन बी मीच, वाचीन बी मीच."

त्यांनी सोडला. माझ्या तळहातातून रक्त गळत होतं, कवा कापलं ते कळलं न्हाई.

सरांनी माझ्याकडं लेखी माफीनामा मागितला. मी दिला न्हाई. इंटर्नलला नापास केलं. सहा महिने मागं पडले. पुन्हा बसले, पास झाले.

आज मी याच जिल्ह्यात सरकारी डॉक्टर आहे. पहिल्या पीएमला हवालदारानं बाहेर खुर्ची टाकल्ती. मी ती उचलून न्यायला लावली. आत जाते. स्वतः कापते. कवटीला करवत लावताना एक माणूस सोबत असतो, त्याला जे दिसतं ते मी विचारते. रिपोर्टच्या छापील फॉर्ममध्ये त्याच्या नावाला रकाना न्हाई. मी समासात लिहिते.

मागच्या आठवड्यात वरच्या साहेबांचा फोन आल्ता. ते नाव खोडा, नाहीतर गडचिरोलीला जायची तयारी ठेवा, म्हणाले. मी म्हणलं, ऑर्डर काढा.

अजून आली न्हाई. येऊ द्या. तिथं बी मुडदे येतील, तिथं बी समास असेल. एक बी नाव मी खोडणार न्हाई.