पांढऱ्या मातीच्या भिंती

आमच्या गावात हिवतापाचा अभ्यास करणारे डॉक्टर यायचे. पावसाळ्याआधी डास मारायला घरोघर भिंतींवर डी.डी.टी. फवारून घ्यायचे. मग दर महिन्याला फेरी मारून पोरांची बोटं टोचायचे, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली का म्हणून पोट दाबून पाहायचे आणि रक्ताचा थेंब काचेवर घेऊन जायचे. सुई दिसली की मी गाव गोळा करायची. पण औषधानं ताप हटला होता, हे खरं. त्या पावसाळ्यात आमच्या घरात कोणी अंथरूण धरलं नाही.

मायला मात्र त्या डागाळलेल्या भिंती डोळ्यांसमोर नको झाल्या होत्या. "बगळ्यानं हगल्यावानी दिसून राह्यलं घर," म्हणायची.

नवरात्रात माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी आर्वीहून माहेरी येणार होती. मायनं केळझरच्या वाटेवरून पांढरी माती टोपल्यानं डोक्यावर आणली. शेणामातीनं भिंती लिंपल्या, वरून पांढरा पोतारा फिरवला. बहीण आली, भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "आता कसं आपलं घर वाटते, माय!" माय त्यावर कितीतरी दिवस फुशारली होती.

दसरा झाला आणि बहिणीला थंडी वाजून ताप भरला. घरातल्या साऱ्या वाकळी अंगावर घातल्या तरी खाट हलायची. काढा झाला. वर्ध्याहून हिवतापाच्या कडू गोळ्या मागवल्या, त्या यायच्या आतच कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. पोर मेलेलंच जन्मलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीही गेली. सुई पाहून मी कशी भोकाड पसरते त्याची नक्कल करून ती मलाच हसवायची.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा सारं ऐकून ओसरीवर थबकले. फवारलेल्या घरात हिवताप कसा? त्यांनी भिंतीला नख लावलं. पांढऱ्या मातीचा पोपडा निघाला.

"हे कोणी लिंपलं?"

"मीनंच," माय म्हणाली. "लेक येणार होती ना, साहेब."

डॉक्टर ओसरीवरून उतरले. अंगणात बाबांना गाठून हळूच म्हणाले, "लिंपलं की औषध मातीखाली दबतं, डास मरत नाहीत. चावडीवर सांगितलं होतं ना?"

मी दारातच उभी होते. सांगितलं होतं. बाबांनी ऐकलंही होतं. पण चावडीवर बसलेले सारे बाप्ये, आणि सारवणं-लिंपणं हा बायांचा विषय. कोणाही बाप्यानं ती गोष्ट घरी आणली नाही. ज्यांच्या हातात शेणमाती, त्यांनाच कोणी विचारलं नाही. मला त्या साऱ्या गावाचा राग येतो, अजून येतो.

"तिले सांगू नका, साहेब," बाबा हात जोडून म्हणाले.

पुढं दिवाळी आली की बाबाच म्हणायचे, यंदा भिती लिंपायच्या राहू दे. मायला वाटायचं, लेकीचं दुःख आहे, म्हणून नको म्हणतात. एका दिवाळीला तिनं मला विचारलं, "त्या डॉक्टरनं भितीले नख काऊन लावलं होतं व?"

समोर बाबा सुतळी वळत होते. त्यांचे हात थांबले.

"माती पाहून राह्यला होता, माय," मी म्हणाले.

"चांगलीच होती माती," ती म्हणाली. "तिले किती आवडली होती."