लाभ, दोन, तीन

रेवणप्पाचा चेहरा मला फार उशिरा माहीत झाला. आवाज मात्र कितीतरी वर्षं ओळखीचा होता. राजेश्वरला सोसायटीच्या गोदामावर तो मापाडी होता. पोतं काट्यावर चढलं की तो मोजणी म्हणायचा आणि ती पार बसथांब्यापर्यंत ऐकू यायची. शेतकरी मराठी असला तर मराठीत, कन्नड असला तर कन्नडमध्ये, आणि हैदराबादकडचा व्यापारी उभा असला तर दखनीत. भाषा कोणतीही असो, पहिल्या पोत्याचं नाव ठरलेलं होतं. लाभ, दोन, तीन, चार. एक हा आकडा त्याच्या तोंडात नव्हताच.

राशीवर मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, ही आमच्या भागातली जुनी रीत. मी मुडबीच्या शाळेतला मास्तर. पोरांकडून एकपासून शंभरपर्यंत घोकून घेण्यात माझा जन्म चाललेला, त्यामुळे ही रीत माझ्या डोक्यात जायची. पण खरं कारण मास्तरकी नव्हे. माझा आजा लोकांच्या राशीच्या कडेला उभा राहायचा. सगळी मापं झाली की खळ्यात उरेल ते त्याच्या धोतराच्या सोग्यात पडायचं, न मोजता. पुढे माझ्या वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ते कडेला उभं राहणं बंद झालं. तेव्हा लाभ हा शब्द दुसऱ्यांच्या धान्यावर म्हणायचा असतो, एवढंच आमच्या घराला ठाऊक होतं. माझं त्या शब्दाशी वाकडं होतं ते असं.

एकोणनव्वद सालच्या ऑगस्टात बिदरच्या एका पॉलिटेक्निकानं खेड्यापाड्यांतल्या कामकरी लोकांसाठी कॉम्प्युटरचा रविवारचा वर्ग काढला. तीन महिने शिकायचं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मी नाव घातलं ते मिरवायला, उगीच खोटं कशाला बोलू. पहिल्या रविवारी राजेश्वरला बसमध्ये एक पन्नाशीला टेकलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला गडी कंडक्टरकडे माझी चौकशी करून शेजारी येऊन बसला. तोंड उघडल्याबरोबर मी ओळखला.

"मास्तर, ते कंपूटर बोटानं चालतंय का तोंडानं?"

"बोटानं."

"मग आमचं अवघड हाय," रेवणप्पा म्हणाला.

त्याला मिरवायचं नव्हतं. गोदामाच्या मॅनेजरनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की येत्या तुरीच्या हंगामापासून काट्याची नोंद कॉम्प्युटरवर होणार. ज्याच्याकडे प्रमाणपत्र असेल तो काट्यावर बसेल, नसेल तो मागच्या शेडमध्ये बारदान मोजेल. बारदान म्हणजे रिकामी पोती. सव्वीस वर्षं काट्याशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही, पण बिदर येईपर्यंत त्यानं बारदान हा शब्द चारदा तरी उच्चारला.

यंत्रांच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवायच्या असत. धूळ चालत नसे. रेवणप्पानं चपला काढल्या आणि उंबऱ्याला हातही लावला. आत गारठा, चार यंत्रं आणि आम्ही वीस जण. शिकवायला शोभाबाई होत्या, डिप्लोमा झालेली चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. निम्मा वर्ग तिच्या बापाच्या वयाचा, तरी आवाज कसा कडक.

"याला स्प्रेडशीट म्हणतात," त्या म्हणाल्या. "ही आडवी ओळ, हा उभा रकाना, आणि हे एकेक घर. पहिल्या घरात आकडा हातानं लिहायचा. त्याच्या खालच्या घरात सूत्र लिहायचं, की वरच्या घरात एक मिळव. ते सूत्र खाली उतरवत नेलं की यंत्र आपोआप मोजतं."

रेवणप्पाचा पहिला झगडा कळांशी झाला. "एच्या शेजारी एस कामून? बी कुठं गेली?" असं तो विचारायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण माणूस चिवट. त्यानं खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर सगळ्या कळा काढून घेतल्या आणि गिऱ्हाईक नसलं की काट्याशेजारी बसून त्या पुठ्ठ्यावर एका बोटानं टकटक करू लागला. गोदामातले हमाल त्याची टिंगल करायचे. दसऱ्यापर्यंत त्याचं ते एक बोट माझ्या दहा बोटांच्या पुढे गेलं, आणि हे मला मुळीच आवडलं नाही.

अडलं ते भलतीकडेच. सरावाला शोभाबाईंनी चाळीस पोत्यांची यादी दिली. रेवणप्पानं पहिल्या घरात इंग्रजी अक्षरांत लाभ लिहिलं, खाली सूत्र उतरवलं आणि हात जोडून बसला. शेवटच्या ओळीत आकडा आला एकोणचाळीस.

"अण्णा, एक पोतं कुठं गेलं?" शोभाबाईंनी विचारलं.

"तुमच्या यंत्रानं खाल्लं असंल, बाई."

"यंत्राला अक्षरं म्हणजे शून्य. शून्यात एक मिळवला की दुसरं पोतं पहिलं होतं. तिथं एक लिहा, सगळं जुळेल."

"लिहितो की," तो म्हणाला, आणि त्यानं लिहिला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा एकोणचाळीस, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. वर्ग हसायचा. शोभाबाईंनी शेवटी स्पष्ट सांगितलं की परीक्षेत पोतं कमी आलं तर त्या काही करू शकणार नाहीत, परीक्षक गुलबर्ग्याहून येणार आहेत.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये माझं डोकं फिरलं. "अहो, एका आकड्यापायी तुम्ही बारदानात जाल," मी म्हणालो. "कामून एवढा हट्ट? लाभ म्हटल्यानं कुणाची रास वाढली आजवर?"

रेवणप्पानं खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेतली.

"रास वाढत न्हाई, मास्तर. मला बी कळतंय. बहात्तरच्या दुष्काळात काटा बंद पडला. मला खडीच्या कामावर मोजणीला घेतले. बाया दिवसभर दगड फोडायच्या, ढीग लावायच्या, मी ढीग मोजायचो. आता दगडाला कसला लाभ? तवा एकपासून मोजलो. एक, दोन, तीन. माझी बायको म्हाळसा बी त्यातच होती, पोटुशी. तिचा ढीग बी मीच मोजलो, एक म्हणून. दीड वर्सं तेच केलो. पुन्हा ज्वारी आली, काट्यावर पहिलं पोतं चढलं, अन् मी लाभ म्हणलो. तवा कळलं, संपला दुष्काळ. आता दाण्याला एक म्हण म्हणल्यावर जीभच वळत न्हाई. बोट बी."

मला ते पटलं असं नाही. तो उतरताना तेवढं म्हणालो, "तरी परीक्षेला एक लिहाच."

"बघतो," तो म्हणाला.

परीक्षा नोव्हेंबरात झाली. गुलबर्ग्याचे परीक्षक चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. चाळीस पोत्यांची वजनं लिहिलेला कागद प्रत्येकाला मिळाला. यादी करायची, अनुक्रम लावायचा, एकूण वजन काढायचं. माझं काम पंधरा मिनिटांत झालं. मग मी दिसायला छान दिसावं म्हणून रकान्यांखाली रेघा ओढत बसलो आणि शेजारच्या यंत्रावर नजर टाकली. रेवणप्पानं वजनं सगळी भरली होती. अनुक्रमाच्या पहिल्या घरात लाभ होतं. खाली काहीच नव्हतं, आणि तो नुसता बसला होता. त्याचं बोट एकाच्या कळेवर जायचं, माघारी यायचं. एक लिहाच म्हणून याला अडकवणारा मीच, याला बारदानात धाडायला मीच निघालोय, असं काहीतरी वाटू लागलं.

मग त्यानं डोळे मिटले आणि काट्यावर उभं असल्यागत, पण हळू आवाजात, म्हणाला, "लाभ... दोन."

डोळे उघडून तो पडद्याकडे बघत राहिला. मग दुसऱ्या घरात त्यानं सूत्र न घालता हातानं दोन लिहिला. वरच्या घरात एक मिळव हे सूत्र तिसऱ्या घरापासून सुरू केलं आणि खाली उतरवलं. शेवटच्या ओळीत चाळीस आले. सगळा वर्ग तीन महिने पहिल्या घरावर अडून बसला होता, शोभाबाईंसकट, आणि मीही. मोजणी दुसऱ्यापासून सुरू करता येते हे फक्त मापाड्याला सुचलं.

परीक्षक येऊन उभे राहिले. "पहिला आकडा कुठाय?"

"न्हाई, सायेब. आधी लाभ, मग दोन. आमच्यात एकाचं कामच पडत न्हाई."

त्यांनी शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाई कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या की सर, गोदामात पोती चाळीसच आहेत. परीक्षकांनी एकूण वजन ताडून बघितलं, खालपर्यंत ओळी मोजल्या आणि सही केली. एवढ्यात लाईट गेली. रेवणप्पानं आपलं काम फ्लॉपीवर उतरवून ठेवलं होतं, तोंड शिवल्याबिगर पोतं हलवायचं न्हाई, ही त्याची सवय. मी रेघा ओढत बसलो होतो, माझं सगळं गेलं. अर्ध्या तासानं लाईट आल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून केलं. पास झालो, पण त्याच्या खाली. मुडबीत मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जानेवारीत मी राजेश्वरच्या गोदामावर गेलो. पगारातून साठवून आदल्या वर्षी दीड एकर रान घेतलं होतं, आमच्या घराण्यातलं पहिलं. त्यातली पहिली तूर. पाऊस नको तेव्हा पडला, अळी पडली, आणि शेवटी हाती आलं एक पोतं. वीस-वीस, तीस-तीस पोत्यांच्या गाड्यांच्या रांगेत मी ते एक पोतं घेऊन उभा होतो. रेवणप्पानं आज ओरडू नये, एवढीच माझी इच्छा होती.

तो काट्यावरच होता. शेजारी टेबल, टेबलावर यंत्र, यंत्राला हार. माझं पोतं चढलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं आणि बसथांब्यापर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "लाभ."

पुढे म्हणायला दुसरं पोतं नव्हतं. त्यानं एका बोटानं ती चार अक्षरं टिपली, छपाईचं यंत्र खडखडलं आणि पावती माझ्या हातात आली. माझं नाव, माल तूर, वजन. पोत्याच्या रकान्यात आकडा नव्हता, लाभ होतं. मी ते दोनदा वाचलं. सोगा पसरून कडेला उभा राहिलेला माझा आजा मला आठवला, आणि माझे डोळे भरून आले. आमच्या घरच्या दाण्यावर तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा म्हटला गेला होता.

"मास्तर, मागं गाड्या हायत," रेवणप्पा म्हणाला. "पुढल्या साली दोन म्हणायला लावा."

"व्हय," मी म्हणालो, आणि पावतीची घडी घालून खिशात ठेवली.