कंपनीच्या हिरोला फेटा नव्हता

मी जुना फोटो मागितला, चित्राच्या लिंका पाठवणं बंद करा बे. तुमचं चित्र बरोबर हाय, कंपनीचंच हाय, पण माझ्या कामाचं न्हाई.

केजच्या स्टँडसमोर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मला कळाय लागायच्या आतच बंद पडलं. त्यातली शेवटची मशीन मी दुरुस्त करतोय. स्क्रीन लागली, बटणं बसली, फक्त बाजूच्या फळीवरचं हिरोचं चित्र राहिलतं. दोन महिने शोधून ह्याच ग्रुपवर फाईल मिळाली. आज फ्लेक्सवाल्याकडून स्टिकर छापून आणलं अन् चिटकवलं.

अण्णा जवळ येऊन बघाय लागले.

"याचा फेटा कुठं गेला?"

मी हसलो. "अण्णा, जपानी हिरो हाय तो. फेटा कशाला घालंल?"

"कंपनीचं स्टिकर कवाच सोलून निघालं होतं. मग मीच फळीवर रंगवला त्याला. केस काय जमंनात, म्हणून लाल फेटा बांधला."

मागच्या रविवारी मीच पॉलिश पेपरनं ती फळी घासलती. कळकट रंगाचे पोपडे वाटले मला.

"घासलं मी ते, अण्णा. परत काढता का?"

"आता हात थरथरतो." मग म्हणले, "हे बी चांगलंय की." अन् आत गेले.

केजच्या कुणी तवा त्या मशीनपुढं फोटो काढला असंल तर जुने अल्बम बघा, फेटेवाला हिरो दिसंल. एवढंच मागतो.

कमेंटा नंतर वाचीन. स्टिकर सोलायला चाललो, खाली कुठंतरी थोडा लाल राहिला असंल.