हुडकेश्वरची पाचवी

मी पदवीधर झालो याचं श्रेय आधी आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना. मुख्याध्यापिकेला आमच्याकडे सगळे मोठ्या बाईच म्हणत. माझ्या आधी घरात कुणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं.

तेव्हा हुडकेश्वर अर्धं गाव होतं आणि अर्धं नागपूर. एका बाजूला तुरीची शेतं, दुसऱ्या बाजूला घरांसाठी प्लॉट पाडलेले लेआउट, आणि सतत कुठलं तरी नवं घर उभं राहत असलेलं. शाळा मात्र चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर शहरात जावं लागे. माझे बाबा विणकराच्या घरातले. माग बंद पडल्यावर ते सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या, कामाला लागले होते. चौथी झाली की मलाही कामावर न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. बाईंना कळलं तशा त्या घरी आल्या.

"चौथी झाली ना त्याची," बाबा म्हणाले. "आता काहून मांगं लागून राहिल्या, बाई?"

"दिवाळीपर्यंत थांबा, भाऊ. पाचवी इथंच काढते मी."

वर्ग मंजूर व्हायला पुरेशी मुलं हवी होती आणि गावातली कमी पडत होती. बाई सरळ बांधकामांवर गेल्या. छत्तीसगडहून आलेल्या मजुरांची मुलं तिथे रेतीच्या ढिगांवर खेळत असत. त्यांना घेऊन बाईंनी व्हरांड्यात पाचवी सुरू केली. ती मुलं हिंदीत विचारत, आम्ही मराठीत सांगत असू, आणि गणित सगळ्यांना सारखंच अवघड जाई.

अडचण एवढीच की घर पूर्ण झालं की मजूर हलत, आणि वर्गातली मुलंही जात. म्हणून बाई ठेकेदारांना गाठून विचारत, पुढचं काम कुठे आहे, हेच कुटुंब तिथे घेता येईल का. एक ठेकेदार वैतागून म्हणाला, "बाई, मी तुमची शाळा चालवू का माझी बिल्डिंग?"

"दोन्ही चालवा," बाई म्हणाल्या. त्याने ते कुटुंब मागच्याच लेआउटमध्ये लावलं.

दिवाळीच्या तोंडावर शिक्षण खात्याचे अधिकारी वर्गाच्या तपासणीला आले आणि नेमका त्याच दिवशी एका घराचा स्लॅब टाकायचा होता. स्लॅब ओतून होईपर्यंत कामावरून कुणी हलत नाही, आणि घरमालक सगळ्यांना, मुलाबाळांसकट, जेवू घालतो. व्हरांड्यात आम्ही गावातलीच मुलं बसलो होतो. मुलं कमी पाहून साहेबांनी पेन खिशाला लावला. बाईंनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाल्या, "साहेब, अर्धा वर्ग जेवायला गेला आहे. चला."

साहेब बाईंच्या मागे, आम्ही साहेबांच्या मागे. मिक्सर घरघरत होता आणि पोरं पत्रावळींवर पुरी-भाजी खात बसली होती. साहेबांनी एका मुलीला सिमेंटच्या गोणीवरचं वाचायला सांगितलं. तिने हात न धुताच घडाघडा वाचलं आणि विचारलं, "साहब, आपने खाना खाया?"

साहेब हसले. मुलं मोजली आणि तिथेच जेवायला बसले. बाबा त्याच स्लॅबखाली टेकू तपासत होते. त्यांनी हे सगळं पाहिलं. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "दिवाळी झाल्यावरही जाय शाळेत."

वर्ग मंजूर झाला. त्यामागून सहावी आली, सातवी आली. आज शाळेला दोन मजले आहेत. लेआउटमधली मुलं तिथे शिकतात, मजुरांचीही शिकतात, आणि शाळा भरलेली असते. बाई निवृत्त होऊन काटोलला राहायला गेल्या. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना पाठवलेलं हे पत्र:

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. बी.एस्सी. झालो, प्रथम श्रेणीत. पुढे बी.एड. करणार आहे. आईने दुपारीच पेढे आणले होते, पण बाबांनी डबा उघडू दिला नाही. म्हणाले, "पहिले बाईले कळव, मंग सोयऱ्याईले." म्हणून हे पत्र. ते टपालात टाकून येईपर्यंत घरात कुणी पेढा खाणार नाही.

आपला विद्यार्थी