आमच्या गटातला माळढोक

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी सरांनी प्रकल्पासाठी प्रत्येकाला एकेक स्थानिक पक्षी वाटून दिला. मला माळढोक आला. घरात रेंज नाही, म्हणून रोज शेताच्या बांधावर बसून मी मोबाईलवर माहिती उतरवायचे. वजन किती, खातो काय, वर्षाला अंडं एकच, देशभरात उरलेत जेमतेम दीडशे. निम्मा प्रकल्प नेटवरूनच उचलला, खोटं कशाला बोलू?

आणि एका दुपारी तो समोरच दिसला, आमच्या वरच्या माळावर. माणसाच्या कमरेइतका उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. निवांत टोळ वेचत होता. मला आनंदाने रडूच आलं. लांबून पुसटसा फोटो काढला, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाकला आणि अतिशहाणपणा करून नकाशावर बरोब्बर आमच्या जमिनीचा गट दाखवला.

तिसऱ्या दिवशी गावात जीप आली. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली दोघं तो माळ कुणाचा, म्हणून विचारत होती. चुलते धापा टाकत घरी आले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आपल्या रानात माळढोक दिसला म्हनत्यात. आता गट अभयारन्यात गेला म्हून समजा."

आमच्याकडे माळढोकाचं नाव निघालं की माणसं आधी सातबारा काढून बघतात. गट अभयारण्यात गेला की जमीन विकता येत नाही, विहीर खोदता येत नाही, असं ऐकतच आम्ही वाढलो. आणि आमची विहीर तेव्हा अर्धी खोदून झाली होती. हे सगळं ठाऊक असून मी नकाशावर बोट ठेवलं होतं.

वडिलांनी मला गोठ्यामागं नेलं. "तुझ्या मोबाईलचं काम हाय का हे?"

मी मान डोलावली. वाटलं, आता कानाखाली बसणार. पण त्यांचाच आवाज कापत होता. "पुसून टाक, बाय. लई हाल हुतील आपलं."

बांधावर जाऊन मी नोंद काढून टाकली, फोटोही. जीपवाले घरी आले तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, लांडोर होती, माझी ओळखायला चूक झाली. त्यातल्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की?" दोन्ही वेळा मी नक्की म्हणाले. त्या बिचाऱ्या हिरमुसून गेल्या.

विहिरीला पाणी लागलं. वरचा माळ नांगरून त्यात कांदा केला. तो पक्षी पुन्हा आला नाही. आता त्या वेबसाइटवर आमचा तालुका उघडायची मला भीती वाटते, तरी उघडते. माळढोकाची एकही नोंद नाही. आमच्या भागातला तो शेवटचाच असला, तर त्याला पाहिलेली मी एकटी, आणि नाही म्हणालेही मीच.