एनिडनं डोहाला हाक मारली

डोंगरात पाऊस झाला आणि लाल कड्यावरून धबधबा पडायला लागला, असा निरोप आला. वाळवंटातलं पाणी ते, आज आहे तर उद्या नाही. पण पोरांना पोहायची सोय नव्हती. एनिडचा नवरा गेल्यापासून तो डोह बंद होता. डोह त्याच्या बापजाद्यांचा. त्याच्या बायकोनं हाक मारून उघडल्याबिगर कुणी पाण्यात पाय घालायचा नाही, अशी रीत.

तिची नणंद क्लॅरिस गाडी घेऊन दारात आली. मागं पोरांचा नुसता कलकलाट.

"वहिनी, चला आता. त्याचा जीव घुटमळू नये म्हणून घराला धूर देऊन झाला, अजून किती भिंतीकडं तोंड करून बसाल?"

"चला म्हणताय तर चला, वन्सं."

तिला जावंसं वाटत नव्हतं, नको असंही वाटत नव्हतं. माणूस गेला तेव्हा बायकांनी हंबरडा फोडला, हिनंही फोडला. पण आत काही हललंच नाही बघ.

डोहाशी नात शनेल कपडे काढून तयार. "आजी, मार की हाक! तुझं होईस्तोवर पाणी आटेल!"

"जिभेला हाड आहे का गं तुझ्या?" क्लॅरिस म्हणाली.

एनिडनं मूठभर वाळू काखेला घासली न् पाण्यात टाकली. डोह राखणाऱ्या पाण्यातल्या सापाला आपल्या माणसाचा वास कळायला हवा ना. मग ओरडली, "आम्ही आलोय रे! तुझीच माणसं! मी एनिड, न् माझ्यासंगं..." आणि सवयीनं नवऱ्याचं नाव घेतलं.

गेलेल्याचं नाव घेत नाहीत आमच्यात. नाव घेतलं की जीव मागं वळतो. त्याच्याच नावाच्या त्याच्या पुतण्यालासुद्धा तो गेल्यापासून आम्ही वेगळ्याच नावानं बोलवतो.

क्लॅरिसनं तोंडावर हात दाबला. "वहिनी! काय केलंत हे!"

"तोंडातून गेलं."

"आता इथंच घुटमळेल तो. परत बंद ठेवायला लागणार."

"म्हणजे पोहायचं नाही?" शनेलनं विचारलं.

"पुढच्या पावसाला. कपडे घाल."

त्यानं माग काढत घरी येऊ नये म्हणून क्लॅरिस रडत रडत झाडाची फांदी मोडून काठावरची पावलं पुसायला लागली. पोरं कोरडीच गाडीत जाऊन बसली.

एनिड धबधब्याकडं बघत उभी राहिली. निदान नाव घेतल्यावर तरी रडू येईल, असं तिला वाटलं. थोडी थांबली. नाही आलं.

वाटेत क्लॅरिसनं भाजलेली कांगारूची शेपटी दिली. शनेल पाठ फिरवून बसली होती.

"रागावलीस?"

"नाही."

"बरं," एनिड म्हणाली, न् हाड चोखत बसली.